बाकावरचं नाव

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, निविदा, सगळं एका प्रिंटरवर चालतं. लोक म्हणतात, सरिताताईंना सगळे कायदे माहीत. कायदे कसले डोंबलाचे! कुठल्या रकान्यात काय भरायचं, एवढंच मला कळतं. त्याने माणसाचं भलं होतंच असं नाही, हे मी अश्वजितभाऊंमुळे शिकले.

अश्वजितभाऊंचं वेल्डिंगचं शेड माझ्या केंद्राच्या मागेच. नऊ वर्षं झाली, ते शाळांचे बाक बनवतात. म्हणजे बनवतात ते, पुरवतात वीरेंद्रभाऊ. वीरेंद्रभाऊ भंडाऱ्याचे ठेकेदार. निविदा त्यांची, बिल त्यांचं, आणि बाकाच्या पाठीवर पुरवठादाराचं नाव लिहायचा नियम आहे, म्हणून नावही त्यांचंच. ते नाव मात्र अश्वजितभाऊ स्वतः ब्रशने लिहितात. एकदा स्टिकर लावून पाहिले होते, पोरांनी आठ दिवसांत खरवडून काढले. भाऊंचं अक्षर सुरेख, ‘र’ची शेपटी जराशी लांब.

त्यांच्या बाकाची आणखी एक खूण आहे. पाय ठेवायचा खालचा पाइप दोन्ही टोकांना आत वळवलेला असतो. लहानपणी कारध्याच्या शाळेत बाकाच्या टोकावर आपटून त्यांची नडगी फुटली होती, वण अजून आहे. त्या वळणाला पाच मिनिटं जास्त लागतात आणि त्याचा मोबदला कोणी देत नाही. विचारलं तर म्हणतात, “पोट्टे धावतेत ना, ताई.”

गेल्या वर्षीची गोष्ट. भाऊ वीजबिल भरायला आले होते आणि मी एका सरकारी खात्याची चारशे बाकांची निविदा मोठ्याने वाचत होते. ‘पाय ठेवण्याचा आडवा पाइप दोन्ही टोकांस आतील बाजूस वळविलेला असावा.’ भाऊ उभेच राहिले.

“अजून एक डाव वाचा.”

मी वाचलं.

“हा तं माहा बेंच हाय, ताई! सरकारनं माहा बेंच लिहून ठेवला!”

कुण्या साहेबाने कुठल्याशा शाळेत बाक पाहिला असेल, आवडला असेल. पण भाऊ असे हरखले, जणू कोणी घरी येऊन आवतण दिलं. म्हणाले, “आपली बी नोंदणी करून टाका. माय हाय तोवर एक डाव तिच्या नावाचा बेंच शाळेत जाऊ द्या.”

मी हौसेने लागले कामाला. उद्यम नोंदणी झाली, जीएसटी झालं, पेनड्राइव्हसारखी डिजिटल सही आली. फर्मचं नाव ‘पार्वता फॅब्रिकेशन’. पार्वताबाई म्हणजे भाऊंची आई. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोवणी करण्यात गेलं, साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या. त्यांनी प्रमाणपत्रावर बोट ठेवून वाचलं, पा, र्व, ता. मग मला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

पुढे आली अनुभवाची अट. मागच्या तीन वर्षांत असेच पाचशे बाक पुरवल्याचा दाखला हवा. भाऊ मोबाइलमध्ये फोटो घेऊन कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, “बनवले असतील हो, पण पुरवले कोणी?” भाऊ परत आले. जिल्ह्यातली निम्मी पोरं ज्याच्या कामावर बसून पाढे शिकली, त्याला म्हणे अनुभव नाही!

दाखला देऊ शकणारा माणूस एकच. वीरेंद्रभाऊ माझ्या केंद्रात आले तेव्हा अश्वजितभाऊंनी चाचरत विषय काढला. वीरेंद्रभाऊ हसले, पाठीवर थाप मारली.

“अबे, पहिले काहून नाई सांगतलं? लेटर आत्ता देतो. तीन निविदा आल्याबिगर टेंडर उघडत नाई, मले बी तिसरा पाहिजेच होता. फक्त रेट मी सांगीन. तुहा वर, माहा खाली. काम तं तुलेच देईन ना.”

“अन् नाई म्हटलं तं?”

“तं राहू दे. लेटर बी राहू दे, बेंच बी राहू दे. वेल्डर का दुनियेत तू एकटाच हायेस? मी काही जबरदस्ती करून राहिलो का?”

जबरदस्ती नव्हतीच. शेडमध्ये तीन माणसं कामाला होती आणि वेल्डिंगचं मशीन वीरेंद्रभाऊंचं होतं, एवढंच.

शेवटच्या दिवशी भाऊ माझ्या बाजूला बसले. त्यांनी महिनाभर हिशोब करून काढलेला दर खिशातल्या चिठ्ठीवर होता. वीरेंद्रभाऊंचा आकडा माझ्या फोनवर होता. मी विचारलं, “भाऊ, तुमचाच टाकू का?” विचारलं खरं, पण त्यांनी नको म्हणावं असंही वाटत होतं. वीरेंद्रभाऊंच्या वर्षभराच्या निविदा माझ्याकडूनच जातात, त्यावर माझं दुकानभाडं निघतं. माझी मलाच लाज वाटली.

“त्यायचाच टाका. दाबा, ताई.”

मी बटण दाबलं. सही भाऊंचीच होती.

यादी लागली. वीरेंद्रभाऊ पहिले, म्हणजे काम त्यांचं; पार्वता फॅब्रिकेशन दुसरं. त्यानंतर आणखी तीन निविदा अशाच भरल्या. काम मिळत नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून दर वेळी त्यांचंच लेटर, आणि लेटरमागे त्यांचाच आकडा. भाऊ आता चिठ्ठी आणत नाहीत.

पहिली यादी लागली तेव्हाच पार्वताबाईंना कोणीतरी सांगितलं की तुमचं नाव यादीत आलं. पुढचं भाऊंनी सांगितलं नव्हतं. चारशे बाक शेडमध्ये तयार होत होते, तेव्हा एका सकाळी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून आली. मी माल पाठवायच्या चलनाचे कागद द्यायला आले होते. भाऊ पाठमोरे बसून ब्रश चालवत होते, त्यांना चाहूल लागली नाही.

पार्वताबाई वाळलेल्या बाकांजवळ वाकल्या. बोट ठेवून वाचू लागल्या. वी. रें. द्र. थांबल्या. दुसऱ्या बाकाजवळ गेल्या, तो वाचला. तिसरा वाचला. मला वाटलं, पळून जावं.

मग त्या सावकाश म्हणाल्या, “अक्षर तं तुहंच हाय, बाबू.”

भाऊंनी ब्रश डब्यात बुडवला आणि पुढचा बाक ओढला.