गावाच्या जावयाचं वाण

आमच्या दिंडोरीकडच्या गावात पोरांना काही करायचं म्हटलं की आधी फ्लेक्स लागतो. वाढदिवसाला फ्लेक्स, दहाव्याला फ्लेक्स. मेजरांना मदत करायचं ठरलं, तर तिथंही स्टँडवर हा एवढा फ्लेक्स! मेजरांचा वर्दीतला फोटो, खाली ‘मदतीचा हात द्या’, आणि त्याखाली दमडीही न दिलेल्या पुढाऱ्यांची तोंडं.

मेजर म्हणजे खरे तर साधे शिपाई. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. माझ्या चुलत नणंदेचे यजमान. तिच्या दुखण्यापायी नोकरीची वर्षं भरायच्या आत फौज सोडून आले, म्हणून पेन्शन नाही. दोघं इथंच, तिच्या माहेरच्या घरात राहिले. मूलबाळ नाही. ती गेली, त्यानंतर हे द्राक्षबागांवर राखणदारी करायचे. पंचाहत्तरी उलटली, गुडघे गेले, राखणदारीही सुटली. मागच्या वादळात घराचे निम्मे पत्रे उडाले, ते तसेच. चूल कधी पेटायची, कधी नाही.

फ्लेक्स बघून मेजर तडक घरी गेले आणि दार लावून घेतलं. सरपंच पाकीट घेऊन गेले, तर आतूनच म्हणाले, “मी मेलो नाय अजून. तो फोटो उतरवा.” दुसऱ्या दिवशी कळलं, नाशिकच्या वृद्धाश्रमात बोलणं करून ठेवलंय, पावसाआधी निघणार.

माझं डोकंच फिरलं. पोरांना म्हटलं, “मेल्यांनो, मदत करताय का दवंडी पिटताय?” उभं राहून फ्लेक्स उतरवून घेतला. पण फ्लेक्स उतरवून पत्रे थोडेच चढणार होते? माणूस घेतच नसेल तर द्यायचं कसं?

अधिक महिना चालू होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, आणि जावयानं ते मुकाट घ्यायचं. नको म्हणायची सोय नाही, सासुरवाडीचा अपमान होतो. आणि मेजर तर अख्ख्या गावाचे जावई!

गेले, दार वाजवलं. “दाजी, रविवारी पारावर धोंड्याला यायचं.”

“जिच्यामुळं जावई, ती कुठंय आता?”

“लेक गेली म्हणून जावई मिटतो व्हय? आमच्या लेकीसाठी फौज सोडली तुम्ही. नाय म्हणाल तर इथं दारातच बसते, बघा.”

ते तसेच आत वळले. पण रविवारी धुतलेला सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून आले.

जेवणं झाली. कुणी तांदळाचं पोतं पुढं केलं, कुणी तेलाचा डबा. बागाईतदारांनी मिळून नवे पत्रे आणलेले, त्यांनाही हळदकुंकू लावलेलं. वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, “माझी मजुरी हेच माझं वाण.” मेजर सगळ्यावरून नजर फिरवत राहिले. चेहरा कडक. मला वाटलं, उठले आता, बोंबला!

ते म्हणाले, “जावयाचं झालं. लेकीची ओटी कुठंय?”

 एवढं सगळं जमवलं, आणि जिच्या नावानं जमवलं तिची ओटी कुणालाच सुचली नव्हती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या दुकानातून नारळ आणवला, एकीनं पिशवीतला नवा खण काढून दिला. पोत्यातले तांदूळ ओंजळीत घेऊन वळले, तर मेजर उभे राहिलेले. सरपंचांसाठी दार न उघडलेला हा माणूस खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी माझ्यापुढं पसरून उभा होता.

“भरा,” म्हणाले. “माहेरचं हाय, ती नाय म्हणायची नाय.”

मी रडत रडतच ओटी भरली. लाज कसली त्यात? त्यांनी टॉवेलची गाठ मारली, पोटाशी धरली आणि चाचांकडे वळले.

“चुलीवरचे पत्रे आधी टाका,” म्हणाले. “उद्यापासून मी घरीच स्वयंपाक करणार.”