आबांची पाठ आणि दत्तूकाकांचा ओठ

मंडळी, आज सकाळी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. लपवत नाही.

माझे वडील, आबा, जुने पैलवान. वय बहात्तर. सहा महिने पाठ दुखत होती. तालमीतले सत्तरीचे दत्तूकाका रोज तेल लावून रगडायचे. आज त्यांनी पाठीवर गुडघा रोवला आणि कडकन आवाज आला. आबा गुरासारखे ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते.

मी दत्तूकाकांची गचांडी धरली, भिंतीवर आपटलं, ओठ फोडला. चौघांनी मला ओढून काढलं.

दवाखान्यात कळलं, मणका मोडलाय. डॉक्टर म्हणाले, "हाडं आतून पोखरलीत. रक्ताचा कॅन्सर वाटतोय. उद्या बोन मॅरो तपासू, मग नक्की कळेल. या वयातही उपचार होतात. पण आधी कधी रक्त तपासलं नव्हतं का?"

तपासलं होतं. चार महिन्यांपूर्वी. रक्त फार कमी, किडनीवर ताण, लगेच मोठ्या डॉक्टरांना दाखवा, अशी चिठ्ठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिली होती. ती माझ्या गाडीच्या डिकीत पडून आहे. आबांना मीच म्हणालो होतो, "वय झालंय, दुसरं काय न्हाय. दत्तूकाकांकडनं जरा जोरात रगडून घ्या."

आत्ता दत्तूकाका बाहेर बाकावर ओठाला रुमाल दाबून बसलेत. मघाशी हात जोडून म्हणाले, "माझंच चुकलं की रं पोरा."

चिठ्ठीचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझा ओठ कोण फोडणार, सांगा.