काकींच्या बाल्कनीजवळून गेलेली तार

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मला सगळे ‘वायरलेसवाला’ म्हणायचे. माझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स होतं. घरी बांधलेल्या सेटवरून मी दूरदूरच्या लोकांशी बोलायचो, एवढंच लोकांना ठाऊक होतं. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की आधी माझ्या दारावर थाप पडायची. मी एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासायच्या कामाला होतो, त्यामुळे वीज आणि तारा या विषयांत माझा शब्द शेवटचा मानला जायचा. पुढे जे झालं ते याच विश्वासामुळे झालं.

माझा एक मित्र गिरणीत इलेक्ट्रिशियन होता. मोर्सची टिंब-रेघांची भाषा आम्ही एकत्र शिकलो, परीक्षा एकत्र दिली, लायसन्सही एकाच महिन्यात आलं. संपानंतर त्याची गिरणी परत उघडलीच नाही. दीडेक वर्ष त्याने इकडेतिकडे वायरिंगची कामं केली आणि मग बायकोपोरांना घेऊन मालवणच्या पुढे आपल्या गावी गेला. ट्रंकेतून सेट घेऊन गेला. गावात फोन नव्हता. निघताना म्हणाला, “सकाळी सव्वासहाला लावत जा रे. तेवढंच बोलणं.”

चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे त्या लांबीच्या लहरींवर, आम्ही महिनाभर प्रयत्न केला. त्या वेळी तिथे परदेशी स्टेशनांचा एवढा धुमाकूळ असायचा की आमचे घरगुती आवाज त्यात बुडून जात. पहाटे त्या अंतराला ऐंशी मीटरचा बँड बरा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण त्यासाठी गच्चीवर लहरीच्या निम्मी, चाळीस मीटर लांब तार हवी. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत, टोकं खाली वाकवून, जेमतेम वीस मीटर बसत होती.

तीच तार ऐंशीवर वापरून पाहिली. तार आणि सेट यांचं एकमेकांशी जमायला लागतं. नाही जमलं तर सेटमधून गेलेली ताकद तारेच्या तोंडाशी आपटून परत येते. माझी खाली येणारी केबल टीव्हीच्या केबलसारखी गोल होती. पाठवलेलं बरंचसं तिच्यातच जिरायचं. दहा मिनिटं बोललो की केबल हाताला गरम लागे, आणि तिकडे मित्राला नुसती खरखर.

मग मी उघडी लाइन केली. तांब्याच्या दोन तारा समांतर, मध्ये वीतभर अंतर, आणि अंतर राहावं म्हणून पीव्हीसीच्या पट्ट्या. अशा लाइनीत ताकद फारशी जिरत नाही. घरात सेटपाशी एक कॉइल आणि, रेडिओत स्टेशन फिरवायला असतात तसे, दोन गँग कंडेन्सर लावून मी मॅचिंग, म्हणजे ते जमणं, साधलं. दोन्ही तारांत टॉर्चचे दोन छोटे बल्ब टाकले. दोन्ही सारखे पेटले म्हणजे काम चोख. पहिल्याच सकाळी मित्राचा आवाज आला, “अरे यार, तू तर माझ्या पडवीत बसलायस!” बायको चहा घेऊन आली होती, तीही हसली.

एक गोष्ट मात्र मला कागदावर ठाऊक होती. सेटपाशी मॅचिंग झालं म्हणजे सेट खूश होतो, लाइन नाही. अपुऱ्या तारेवरून परत येणाऱ्या लाटा लाइनीवर तशाच राहतात, आणि तिच्यावर काही ठिकाणी हजार-हजार व्होल्ट उभे राहतात. मी ते गणित मांडलंही होतं. लाइन गच्चीवरून खाली येताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीपासून हातभर लांब राहावी म्हणून एक बांबू बाहेर काढून बांधला होता. तिथे ती जागा नेमकी जास्त व्होल्टेजची होती.

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर काकी राहायच्या. साठीच्या पुढच्या, कुडाळकडच्या. नवरा वारलेला, घरात मुलगा आणि सून. लाइन बांधत होतो तेव्हा त्या बाल्कनीत उभ्या होत्या.

“काय रे, ह्या तारांत करंट नाय मा?”

“नाही हो काकी. रेडिओची तार आहे. टीव्हीची असते ना, तशी.”

“मगे बरा,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

चार महिने सगळं छान चाललं. मग वाऱ्याने बांबूची सुतळी सैल झाली. लाइन आत झुकलेली मला खालून दिसत होती. रविवारी बांधू, म्हणत दोन रविवार गेले.

त्या दिवशी मी माइकचं बटण दाबून मित्राला कारखान्यातली काहीतरी गंमत सांगत होतो. एकाएकी एक बल्ब मंद झाला, दुसरा भगभगला, आणि वरून किंकाळी आली. पाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा आवाज. माझा अंगठा बटणावरून आपोआप सुटला. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

धावत वर गेलो. काकी बाल्कनीत कुशीवर पडल्या होत्या. ओलं लुगडं अर्धं कठड्यावर, अर्धं माझ्या लाइनीवर. पहाटे नळाला पाणी यायचं, त्यामुळे त्यांचे कपडे सहा-साडेसहालाच वाळत पडत. लुगडं वाऱ्याने लाइनीवर गेलं, ते ओढताना बोटं तांब्याला लागली, आणि दचकून त्या मागे कोसळल्या. हे सगळं मी बघून जुळवलं. त्या एवढंच म्हणत होत्या, “माका कायतरी चावला. चावला माका कायतरी.”

मुलगा त्यांना उचलत होता. मी लुगडं लाइनीवरून काढलं, घडी करून कठड्यावर ठेवलं, मग रिक्षा आणायला खाली धावलो.

उजवं मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांनी वय विचारलं, चक्कर येते का विचारलं. मुलगा म्हणाला, फरशी ओली होती, त्यातून चक्कर आली असेल. उजव्या हाताच्या दोन बोटांवर बारीक पांढरे डाग होते, मिरीएवढे. ते फक्त मला दिसले. वरून लहान दिसणारा असा विजेचा चटका आत खोल जातो. मी काही बोललो नाही. संध्याकाळी सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, “शेजारी असावा तर असा.” तेव्हाही बोललो नाही.

लाइन मी त्याच दुपारी उतरवली. बायकोने विचारलं, “का काढलीस?” म्हटलं, “दुरुस्तीला.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत निघून गेली.

सकाळी मात्र मी रिसीव्हर लावून बसायचो. खिडकीच्या गजाला बांधलेल्या तुकडाभर तारेवर मित्राचा आवाज अंधूक यायचा. तो मला हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. “आहेस का रे? ऐकतोयस का?” मी ऐकत होतो. तेवढ्या तुकड्यावरून उत्तर देणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर शक्य असतं तरी काय बोललो असतो? त्याला पोस्टकार्ड टाकलं : ‘तार तुटली आहे, वेळ लागेल.’

अकराव्या दिवशी, मी सेकंड शिफ्टला असल्याने घरी होतो, वरून हातोड्याचे घाव ऐकू आले. आवाज थांबेना. बायको वर जाऊन आली. म्हणाली, “काकींच्या मुलाने गवंडी लावलाय. फरशी घसरडी आहे म्हणून सगळी उखडतायत. आणि काकींना बाल्कनीत जायचीच बंदी केलीय. गॅसजवळही सोडत नाहीत. त्या म्हणतात काहीतरी चावलं, तर सून म्हणते, सासूबाईंना हल्ली काहीबाही वाटतं.”

ती फरशी चांगली खरबरीत होती. मी स्वतः तिच्यावर उभा राहिलो होतो. गवंडी घाव घालत होता आणि मी खाली खुर्चीत बसून मोजल्यासारखा प्रत्येक घाव ऐकत होतो. बायको समोरच उभी होती. तिला मी तिथेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला काय सांगतोस? वर जा.”

वर धूळ उडत होती. काकी आतल्या खोलीत, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगा दारात. मी उभ्या उभ्याच बोललो. तारेत करंट होता, मला ठाऊक होतं, बांबू सैल झालेला मी पाहिला होता, तुम्हाला चक्कर आली नाही, तुम्हाला माझ्या तारेचा चटका बसला.

मुलाचा चेहरा लाल झाला. पण आधी काकीच बोलल्या.

“म्हणजे माका चक्कर नाय इली?”

“नाही काकी.”

त्यांनी बोटं उलटी करून डाग पाहिले. “आयकलंस?” मुलाला म्हणाल्या, “मी म्हणत होतंय मा, चावला म्हणान? अकरा दिस तुमी माका येडी केलात.” मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. “मी तुका इचारलंय होता. इचारलंय मा?”

मी हो म्हटलं.

मुलाने मला हाताला धरून जिन्यात आणलं आणि नको नको ते बोलला. सगळं खरंच होतं. रविवारी कमिटीची मीटिंग झाली. गच्चीवरची तारही काढावी असं ठरलं. मी हात वर करून संमती दिली आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः उतरवली. सेक्रेटरींनी पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलं.

मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं : ‘तुझ्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो की काय, सांगता येत नाही. पण तार तुटली असं मला कशाला लिहिलंस? मी रोज सकाळी तुझी वाट बघत होतो.’

काकींचा हात वाकडाच जुळला. कपडे पिळता येईनात. दोन वर्षं माझी बायको रोज सकाळी वर जाऊन त्यांची लुगडी पिळून वाळत घालायची.

मग एकदा, बायकोचं ते रोजचं येणं पाहून असेल, काकींच्या मुलानेच कमिटीत मला पुन्हा तार लावू देण्याचा विषय काढला. मी नकाशा काढून नेला. अपुऱ्या लांबीची भरपाई म्हणून तारेच्या दोन्ही बाजूंना कॉइल, मॅचिंग गच्चीवरच बंद डब्यात, आणि खाली येणारी केबल जिन्याच्या बाजूने पाइपातून. बाल्कन्यांच्या आसपास काहीच नाही. खूप प्रश्न विचारले गेले. परवानगी मिळाली. बोलणं सुरू करण्याआधी मी सेटचं बटण दाबलेलं बांधून ठेवलं आणि पाइपाच्या कडेने, गच्चीपासून खालपर्यंत, व्होल्टेज असेल तिथे पेटणारा निऑनचा बल्ब फिरवून पाहिला. कुठेच पेटला नाही. काकींच्या मुलालाही तो फिरवायला दिला.

मित्र आता फक्त रविवारी भेटायचा. इतर दिवशी सकाळी तो काजूच्या कारखान्यात कामाला जायचा. आवाज पहिल्यासारखा दणदणीत नव्हता, पण शब्द कळायचे.

दर रविवारी सव्वासहाला, सेट लावण्याआधी, मी खिडकीतून वर हाक द्यायचो. काकी बाल्कनीतून विचारायच्या, “चालू करतंस काय?” मी म्हणायचो, “हो काकी, पण तुम्ही खुशाल उभ्या राहा, इकडे काही नाही आता.” त्या ऐकून घ्यायच्या, डाव्या हाताने बाल्कनीचं दार ओढायच्या आणि आत जाऊन बसायच्या.