हिरव्या रेसगाडीचा नंबर

रेस हरलेली गाडी मला दिल्लीत कधी भेटली नाही. गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात माणसं कमी करायची बोलणी सुरू झाली, त्याच सुमारास इथल्या नव्या पैसेवाल्यांना जुन्या ब्रिटिश रेसगाड्यांचं वेड लागलं. ज्याच्याकडे अशी गाडी असे, ती हमखास इंग्लंडात जिंकलेली असे. नाहीतर एखाद्या महाराजाची असे. बहुतेकदा दोन्ही. महाराजांनी खरंच इतक्या गाड्या घेतल्या असत्या, तर संस्थानं विलीन करायची गरजच पडली नसती, गाड्या उभ्या करण्यातच ती संपली असती.

मी या लोकांचा ‘मास्टरजी’ होतो. पोटापाण्यासाठी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा इंजिनियर. सांगलीकडून नोकरीसाठी आलो तो इथलाच झालो. रेसगाड्यांचा नाद कॉलेजच्या वाचनालयातल्या फाटक्या इंग्रजी मासिकांनी लावला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या दोन सीटच्या गाड्या मी नुसत्या मडगार्डवरून ओळखत असे, इंग्लंडातल्या एका क्लबाशी माझा पत्रव्यवहार होता, आणि दिल्लीला एवढं पुष्कळ होतं.

अशी गाडी ओळखायची रीत साधी आहे. ती जिथे बनली त्या इंग्लंडातल्या कारखान्यात प्रत्येक गाडीला एक नंबर मिळे आणि तो दोन ठिकाणी असे. एक, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेल्या पितळी पट्टीवर. दुसरा, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातच ठोकलेला, पुढच्या स्प्रिंगच्या टोकाशी. पट्टी चार रिव्हेटवर असते, चहा येईपर्यंत निघते आणि दुसऱ्या गाडीवर बसतेसुद्धा. चासीतला नंबर हलत नाही. पण तो ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली असतो, आणि तो वाचायला जमिनीवर उताणं पडावं लागतं. गाडीखाली उताणा पडेल असा मालक मी दिल्लीत पाहिला नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीचे परीक्षकही त्यातलेच. ते चकाकीला गुण देत. तेव्हा सगळे पट्टी वाचत, तीही पॉलिश करून.

गुडगावच्या एका बिल्डरच्या फार्महाऊसवर गाड्यांसाठी एसी गॅरेज होतं. ड्रायव्हर बाहेर खाटेवर घामाघूम. या गृहस्थाने कश्मीरी गेटच्या दलालाकडून एक लाल रेसगाडी घेतली होती. मला म्हणाला, “मास्टरजी, इसमें थोड़ी हिस्ट्री डालो.” जशी काही डाळीला फोडणीच द्यायची होती.

मी पट्टी वाचली आणि चाट पडलो. ती गाडी बनवणाऱ्या इंग्लंडातल्या कारखान्याने स्वतःच्या रेस टीमसाठी तीन गाड्या बनवल्या होत्या. दोन इंग्लंडात आहेत. तिसरी हिंदुस्थानात आली आणि हरवली, एवढंच क्लबाच्या नोंदीत होतं. पट्टीवर तिचाच नंबर होता. खाली शिरून चासी पाहायला हवी होती. पण जमीन पांढऱ्या संगमरवराची होती, मी नवा सफारी घातला होता, आणि काजू आले. मी रॅलीच्या पुस्तिकेसाठी अर्धं पान लिहून दिलं. तेच क्लबाला पाठवलं. त्यांनी आनंदाने नोंद केली: तिसरी गाडी दिल्लीत सापडली. रॅलीत बिल्डर फेटा बांधून बसला. ती गाडी सुरू करायला चार माणसं धक्का मारत होती, पण फोटोत ती माणसं येत नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी मी कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये जेवायला गेलो होतो. दिल्लीतली मराठी माणसं तिथे आमटीसाठी यायची आणि आपापल्या सेक्शन ऑफिसरला नावं ठेवायची. साडीवर कार्डिगन घातलेल्या एक बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, रेसच्या गाड्यांचं कळतं ते तुम्हीच ना?”

“थोडंफार.”

“थोडंफार नको. नीट कळत असेल तरच या.”

त्या कुठल्याशा मंत्रालयात नोकरीला होत्या, महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादला छोट्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. क्वार्टरच्या मागच्या शेडमध्ये त्यांच्या थोरल्या भावाची गाडी होती. भाऊ वारला होता. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून त्याने ती तरुणपणी घेतली होती, आणि जन्मभर सांगत राहिला होता की ही गाडी लंडनजवळच्या रेसट्रॅकवर कंपनीच्या टीममध्ये धावलेली आहे.

“आणि घरात सगळे हसायचे,” ताई म्हणाल्या. “दादा बोलायला लागला की पोरंसुद्धा उठून जायची. त्याचा स्वतःचा मुलगा त्याला थापाड्या म्हणतो. मी त्या पोराला वाढवलंय, मला त्याच्या तोंडून ते ऐकवत नाही. गाडी खरी असेल तर तो ठेवीन म्हणालाय. खोटी असेल तर भंगारात जाऊ दे. पण मला एकदा कळायला हवं. दादा खरं बोलत होता का?”

मी दुसऱ्या दिवशीच गेलो. हिरवी गाडी, टायर सपाट, सीटवर जुन्या रजया. पट्टीच्या जागी चार रिकामी भोकं. ताईंनी सांगितलं की दादाने एकदा कश्मीरी गेटला रंगाला दिली होती, तेव्हापासून ती पट्टी गायब आहे. यावेळी अंगावर कारखान्याचे जुने कपडे होते आणि जमीन मातीची. मी खाली शिरलो. रॉकेलच्या बोळ्याने स्प्रिंगचं टोक पुसलं, पॉलिश पेपर मारला. आकडे एकेक करून वर आले.

तोच नंबर. बिल्डरच्या पट्टीवरचा. चासीच्या आडव्या दांड्याला वजन कमी करायला पाडलेली भोकंही होती, टीमच्या गाड्यांना असत तशीच. शंकेला जागा नव्हती. दादाने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती लाल गाडी, आणि तिच्यावरचं माझं अर्धं पान.

मी थोडा वेळ तिथेच पडून राहिलो. विचार करत होतो म्हणणं मोठेपणाचं होईल. मला फक्त गुडगावचं ते गॅरेज दिसत होतं, आणि तिथे मास्टरजी म्हणून पुढे होणारी खुर्ची. ज्या माणसांना मी मनातल्या मनात गाढवं म्हणत होतो, त्यांच्यासमोर गाढव ठरायची मला भीती वाटली. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

बाहेर आलो तेव्हा ताई चहा घेऊन उभ्या होत्या. मागे भाचा, एका परदेशी कंपनीत नुकताच लागलेला, गळ्यात टाय.

“काय हो?”

“ताई, ही जोडलेली गाडी आहे. दोन-तीन गाड्यांचे भाग घेऊन केलेली.”

“यार, आत्या, मी म्हणत नव्हतो? बाबा भी ना!” भाचा हसला.

ताईंनी कप माझ्या हातात दिला नाही, शेडच्या कठड्यावर ठेवला. “दादाला कुणी फसवलं असेल?”

“असेल.”

“नाही. तो फसणाऱ्यातला नव्हता,” त्या म्हणाल्या. “मग नुसता थापाच मारत होता म्हणायचं.”

पुढचं तर मी आपणहून केलं. बिल्डरला सुटे भाग हवे होते, मी शेडचा पत्ता दिला. त्याची माणसं इंजिन, ॲक्सल, दिवे, सगळं काढून घेऊन गेली आणि लाल गाडीला बसवलं. म्हणजे आज ती लाल गाडी निम्मीशिम्मी खरी आहे, आणि हे तिच्या मालकाला ठाऊक नाही, हा विनोद मी एकट्यानेच जपला आहे. त्यांना नको होती ती एकच गोष्ट मागे राहिली: उघडी चासी. ती कबाडीने तिथेच गॅसकटरने कापली आणि हातगाडीवर घालून नेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

नंतर मी वर्षानुवर्षं बऱ्याच गाड्यांचे बरेच इतिहास लिहिले. प्रत्येक वेळी खाली शिरून. फार काटेकोर माणूस म्हणून माझं नाव झालं.

गेल्या हिवाळ्यात मी अखेर क्लबाला लिहिलं की दिल्लीतल्या लाल गाडीची नोंद चुकीची आहे. नव्या नोंदणी अधिकाऱ्याचं फार सभ्य उत्तर आलं. माझ्या म्हणण्याला आधार दिसत नाही, उलट त्या काळच्या एका भारतीय तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहून लिहिलेलं टिपण त्यांच्याकडे आहे. सोबत त्याची प्रत जोडली होती. माझंच अर्धं पान. खाली माझी सही.

मग ताईंकडे जाण्यावाचून इलाज उरला नाही. फरीदाबादला त्या भाच्याकडे राहतात, ऐंशी केव्हाच ओलांडली, ऐकू चांगलं येतं. मी सगळं सांगितलं. चासी, नंबर, बिल्डर, कबाडी, क्लबाचं उत्तर.

“आज सांगताय,” शेवटी म्हणाल्या. “आता काय, दादाला जाऊन कळवू? माझा तोच रस्ता आहे, जाता जाता सांगीन.”

“ताई, मी…”

“माफी-बिफी नको. तुमच्या वयाला ती शोभत नाही, आणि मला काय करायचीय? तो आत टीव्ही बघतोय, त्याला सांगा.”

भाचा आता पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला टक्कल. त्याने आवाज बारीक केला, बंद केला नाही. ताईही मागोमाग येऊन बसल्या, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं आणि दारातच थांबली. ती दिल्लीची पंजाबी, मराठी तिला येत नाही.

“अच्छा,” तो म्हणाला. “पुरावा काय, अंकल?”

“काही नाही. मी पाहिलं होतं.”

“चासी नाही, फोटो नाही, क्लब मानत नाही. फक्त तुम्ही सांगताय.” तो हसला. त्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “बाबांकडेही एवढंच होतं.”

तो पडद्याकडे बघत होता, पण रिमोट हातात तसाच राहिला होता. मग म्हणाला, “ते सांगायला लागले की मी उठून जायचो.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आता हिला सांगा. या घरात आल्यापासून हिनेही सासरा थापाड्या होता, हेच ऐकलंय. हिंदीत सांगा.”

मी त्या बाईकडे वळलो. गिअरबॉक्स, ऑडिट, बदल्या, सगळं मी याच हिंदीत निभावलं होतं, आणि आता शब्द मिळेनात. “देखिए,” मी म्हणालो, “वो गाड़ी असली थी। उनका कहना सही था।”

“उनका म्हणजे कुणाचं?” ताईंनी टोकलं. “इसके पिताजी का. तसं म्हणा.”

मी तसं म्हटलं.

“और झूठ किसने बोला था?” भाच्याच्या बायकोने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

तेही मी सांगितलं.