लिहिलेली शांतता

या जगात कुणाचंही वाक्य अर्धवट राहू नये, एवढ्याच कामासाठी प्रॉम्टरकाकांचा जन्म झाला होता, असं माझं अजूनही प्रामाणिक मत आहे. पोटासाठी ते पोलादपूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत कारकून होते, आणि माझे बाबा तिथले साहेब. पण कारकुनी हा त्यांच्या आयुष्यातला किरकोळ भाग होता. चौदा एप्रिलला त्यांच्या बौद्धवाडीतलं नाटक असो, की जत्रेला देवळापुढचं, विंगेत टॉर्च धरून उभे हेच. छत्तीस वर्षं. त्यांची कुजबुज दहाव्या रांगेपर्यंत जात असे, त्यामुळे विंगेच्या बाजूला बसणाऱ्यांना प्रत्येक नाटक दोनदा ऐकायला मिळे, आणि म्हणून त्या बाजूच्या जागा आधी भरत, असं म्हणतात. एकदा म्हणे सगळा दरबार एकाच वेळी पाठ विसरला, तेव्हा काकांनी राजा, प्रधान, राणी आणि दूत अशा चौघांची वाक्यं आतून म्हटली आणि बाहेर चौघांनी नुसते हात हलवले. टाळ्या त्या प्रवेशाला सर्वांत जास्त पडल्या.

नाटकं वर्षातून दोन. मग उरलेल्या दिवसांत काका काय करणार? ते गावाला प्रॉम्टिंग करत. लग्नात नवरी उखाण्याला अडली की दाराआडून नेमका त्यांचा आवाज यायचा, आणि नवऱ्याचं नाव त्यात अचूक बसवलेलं असायचं. महाडच्या गाडीत कंडक्टरने तोंड उघडायच्या आत ते पुढच्या थांब्याचं नाव सांगत. कुणाच्या घरी समाचाराला गेले आणि मुलगा "बाबा फार..." म्हणून थांबला, की हे हळूच म्हणत, "सोशिक होते." बाबा कचेरीत पत्र सांगायला लागले की त्यांना नुसती सुरुवात करावी लागे. एकदा बाबा म्हणाले, "कशेडी घाटातली सदर दरड..." आणि शब्द शोधायला थांबले. काकांनी "कोसळली असून" लिहून टाकलं. दरड तेव्हा जागेवर होती. ती दोन दिवसांनी कोसळली, आणि कचेरीत कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

मी त्या वर्षी पुण्याहून बी. ए. होऊन घरी आले होते. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळा पाचगणीला, म्हणजे आंबेनळीचा घाट चढून वर इंग्रजीत आणि सुट्टीत घाट उतरून खाली मराठीत, असं माझं बालपण गेलं. दोन्हीकडे मी गप्प असायचे. वर माझं इंग्रजी पोलादपूरचं वाटे, खाली माझं मराठी पाचगणीचं. क्वार्टरच्या ओट्यावर वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचं, घाटातून उतरणारं धुकं अंगणापर्यंत येताना बघायचं, आणि कुणी आलं की आत जायचं, एवढाच माझा दिनक्रम होता. एके दिवशी काका फाईल घेऊन आले आणि मला आत जायला उशीर झाला.

"नाटक वाचतेस, बाय?" त्यांनी लांबूनच विचारलं. इंग्रजी त्यांना सही करण्यापुरतं येई. पण डाव्या हाताला नावं आणि पुढे बोलणं, पानाची ही ठेवण त्यांना कुठल्याही भाषेत ओळखू येई.

एका परदेशी नाटककाराची सुरुवातीची तीन नाटकं होती ती. ‘ॲब्सर्ड’, म्हणजे असंगत नाटकं म्हणतात तसली. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण ती वाचताना आपल्याला कुणी काही विचारणार नाही असं वाटे, म्हणून आवडत. "काय होतं यात?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, "एक नवरा-बायको चादरीची घडी घालतात. घडी काही पुरी होत नाही. बस."

"मग आमच्या घरचंच हाय की," म्हणून ते खांबाला टेकून बसले. "वाच. मराठीतून सांग."

मी अडखळत सांगत गेले. दुसऱ्याच पानावर कंसातला शब्द आला आणि मी म्हटलं, "इथे शांतता."

"कोण विसरलं?"

"कुणी नाही. लेखकानेच लिहिली आहे."

काकांनी फाईल खाली ठेवली. छत्तीस वर्षं ज्या एका गोष्टीला ते घाबरत आले होते, ती गोष्ट कुणीतरी आपण होऊन, शाईने, पानावर लिहून ठेवली होती. मग म्हणाले, "असं असेल तर तिथं प्रॉम्टरनं काय करायचं?" याचं उत्तर माझ्या पुण्याच्या प्राध्यापिकेकडेही नसावं.

त्यानंतर कचेरी सुटली की काका रोज येऊ लागले. मी इंग्रजीतून मनात वाचायचे, मराठीतून बोलायचे आणि ते फुलस्केपवर उतरवून घ्यायचे; तीच आमच्या नाटकाची प्रत. मी एखाद्या शब्दाला अडले की ते तो पुढे करत, आणि तो नेहमी माझ्या शब्दापेक्षा बरा असे. आज मी जे मराठी लिहिते त्यातलं निम्मं मला त्या ओट्यावर असं कुजबुजून मिळालेलं आहे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांची अक्षरं रोज मोठी होत चालली आहेत. आधी ओळीत बसणारी, मग दोन ओळींत, मग एका पानावर जेमतेम सहा वाक्यं. त्यांनीच एकदा सहज सांगितलं, "काचबिंदू. महाडचे डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत अक्षरं जातील. एवढं एक नाटक विंगेतून करून घेतो, मग जाऊ देत."

आता नाही कसं म्हणणार? महाडच्या वाचनालयाच्या वार्षिक दिवसाला एकांकिका बसवायची ठरली. नवरा म्हणून शाळेतले चित्रकलेचे मास्तर तयार झाले. बायकोच्या कामाला मात्र तालुक्यात कुणी मिळेना. काका माझ्याकडे बघत, पण विचारत नसत. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याचं वाक्य पुरं करत नव्हते. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "मी करते." एवढं म्हणून मी घरात पळाले.

तालमी काकांच्या घरी होत. खरी अडचण माझ्यामुळे येईल असं मला वाटलं होतं, पण ती आली काकांमुळे. प्रत्येक शांततेला आतून त्यांची कुजबुज ठरलेली. मास्तर चादर टाकून ओरडत, "अहो, ती शांतता लिहिलेली आहे!"

"लिहिलेली असली तरी ऐकवत नाय हो," काका अपराधी चेहऱ्याने म्हणत.

काकूंनी उपाय काढला. शांतता आली की काकांनी तोंडात अख्खी सुपारी टाकायची आणि शांतता संपेपर्यंत बोलायचं नाही. "तीस वरसं संसार केला गो," काकू मला म्हणाल्या, "पण घरात कोण गप बसलेला आजच बघते." दहा दिवसांत काकांनी अडकित्त्याला कामच ठेवलं नाही. गप्प बसायला शिकले. एवढंच नाही, त्यांना ते आवडायला लागलं. शांतता संपली तरी गालातली सुपारी तशीच ठेवून ते डोळे मिटून बसत, नदीकाठी बसल्यासारखे.

मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "मी कागद बघत नाय, बाय. डोळे बघतो. विसरणाऱ्याचे डोळे आधी विंगेकडे येतात, वाक्य मागनं जातं. तू घाबरू नको. नुसती बघ माझ्याकडे."

रविवार होता, दुपारचे चार. महाडच्या वाचनालयाच्या सभागृहात एका टोकाला स्टेज, बाजूला जुना पडदा लावून केलेली विंग. भर उजेडात काका टॉर्च पेटवून उभे होते. सवय. माझी पहिली वाक्यं कशी गेली मला आठवत नाही, लोक दोन-तीनदा हसले एवढं आठवतं. मग ती मोठी शांतता आली. चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मास्तरांच्या, आणि मध्ये ती चादर, घाटातलं धुकं लोंबावं तशी. मी मनात दहा आकडे मोजले. पुढचं वाक्य माझं होतं. ते नव्हतं. जिथे असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. ते सरळ माझ्याकडेच बघत होते. गालात सुपारी, चेहऱ्यावर मंद हसू. त्यांच्या टॉर्चचा उजेड कागदांवर नव्हता. कागद काखेत होते आणि उजेड माझ्या पायांपाशी पडला होता. माझे डोळे त्यांच्या डोळ्यांत होते आणि ते त्यांना दिसत नव्हते. अक्षरं पावसाळ्याची वाट न बघता गेली होती, आणि चेहरेही. सगळं नाटक ते पाठ म्हणत होते, आणि आता मी शांतता किती छान धरली आहे म्हणून खूश होऊन ऐकत होते.

कुठून आलं मला ठाऊक नाही. विंगेकडे बघतच मी म्हणाले, "मी अजून धरलेलं आहे हं टोक."

मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी चादर ओढली, "मग दिसत कसं नाही?" असं काहीतरी म्हणाले, आणि आतून सुपारी थुंकल्याचा आवाज होऊन कुजबुज पुन्हा सुरू झाली.

परतीच्या गाडीत काका माझ्या शेजारी बसले. पुढच्या थांब्यांची नावं त्यांनी कंडक्टरला सांगू दिली. मग म्हणाले, "ते वाक्य प्रतीत नव्हतं."

"नाही. मी विसरले होते."

"माझ्याकडं बघितलंस?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती. मी "हो" म्हटलं. पोलादपूरच्या स्टँडात उतरताना माझा हात धरून ते म्हणाले, "वाक्य चांगलं हाय. प्रतीत घाल." दुसऱ्या दिवशी टॉर्चमधले सेल काढून त्यांनी रेडिओत घातले.

पुढे बाबांची बदली झाली, मलाही नोकरी लागली. अधूनमधून मी जात असे. काका ओटीवर भिंतीला टेकून बसलेले असत. ओळख पावलांच्या आवाजावरूनच पटे. "बाय, ते आणलंस काय?" पुस्तक आता मी न अडखळता मराठीतून वाचायचे, आणि ते शब्द पुढे करायचे नाहीत.

मी शेवटचं गेले तेव्हा चादरीचंच वाचत होते. ती मोठी शांतता आली आणि मी थांबले. अंगणात धुकं उतरत होतं. काकांचे डोळे मिटलेले. आतून काकूंचा आवाज आला, "थांबलीस का गो? झोपले काय ते?"

काकांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"झोपलो नाय," ते हळूच म्हणाले. "शांतता हाय."

मी पान उलटलं नाही.