गाळ्याला वर काढणाऱ्या टीचर

टीचरांनी आयुष्यात एकाही पोराला "घाबरू नकोस" असं म्हटलं नाही. "घाबर, खुशाल घाबर," त्या म्हणायच्या, "पण तिकडे लांब बसून नको. इकडे ये, माझ्या शेजारी बसून घाबर." मग थोडं सरकून जागा करायच्या आणि गोष्ट पुढे चालू. त्या जागेवर सगळ्यात जास्त मीच बसले असेन, कारण अख्ख्या गिरीज गावात माझ्याइतकी भित्री मुलगी दुसरी नव्हती.

शाळेत त्या गणित शिकवायच्या. नवल म्हणजे गणिताच्या तासाला त्यांना कुणी भीत नसे. भीतीचा कार्यक्रम शाळा सुटल्यावर, त्यांच्या वाडीत, बावखलाच्या काठावर. बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. एका बाजूला चार पायऱ्या, बाकी सगळीकडे नारळ आणि केळी. दुसऱ्या दिवशी बाजारात जायच्या अळूच्या आणि मेथीच्या जुड्या टीचर तिथेच बसून केळीच्या सोपटाने बांधायच्या. आम्ही पोरं मदतीच्या नावाखाली जमायचो आणि जुड्या अशा ढिल्या बांधायचो, की त्यांना पुन्हा सोडून बांधाव्या लागत. त्याबद्दल मात्र कधी ओरडल्या नाहीत.

गोष्ट नेहमी एखाद्या पोराबरोबर त्याच पायऱ्यांवरून खाली उतरायची. बावखलाच्या तळाशी खालचा गाव होता. आपलं बावखल म्हणजे त्या गावाचं आभाळ. आपण वर घागर बुडवली, की तिकडे ढग यायचे. त्या गावात एक म्हातारी होती, तिला पापण्याच नव्हत्या, त्यामुळे जन्मभर झोप नाही. एक शिंपी होता, तो माणसांच्या सावल्या उसवून त्यांच्या गोधड्या शिवायचा. आणि सगळ्यांच्या खाली, जिथे काहीच दिसत नाही तिथे गाळ्या होता. त्याला ना तोंड ना डोळे, नुसता चिखल. खाली उतरलेल्या पोराचं नाव तो गिळायचा, मग त्या पोराला आपण कोण तेच आठवेनासं व्हायचं. गाळ्या आला की टीचरांचा जुडी बांधणारा हात थांबायचा आणि आमचा श्वासही.

त्यांचा एक कडक नियम होता. गोष्टीतलं पोर खाली असेपर्यंत ऐकणारं पोर घरी जाणार नाही. चर्चची संध्याकाळची घंटा वाजो, घरच्या रोजरीच्या प्रार्थनेची वेळ होवो, वाडीच्या कुंपणाबाहेरून आमच्या आया हाका मारून घसा फोडोत, टीचर काही आम्हाला सोडायच्या नाहीत. "पोर पाण्यात आहे अजून," त्या आतून ओरडायच्या, "आणते वर, थांबा जरा." आमच्या आया मग फणसाखाली उभ्या राहून बडबडत आणि हळूहळू गप्प होऊन ऐकत. माझी आई तर कबूल करायची नाही, पण भाजी चिरताना मला विचारायची, "त्या शिंप्याचं काय झालं गो?"

सगळेच असे नव्हते. पोरं झोपेत दचकतात म्हणून एका घरातून तक्रार थेट फादरांकडे गेली. फादर बिचारे सायकलवरून आले आणि म्हणाले, "टीचर, मुलांच्या गोष्टीत एवढा काळोख कशाला?" टीचरांनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. "फादर, गाळ्या काढून टाकला तर सुटका कुणापासून सांगू?" फादरांनी चहा घेतला, टोपलीतलं अळू घेतलं आणि गेले. विषय मिटला.

मग टीचरांच्या दिराने वाडी विकली. वाडी त्याच्या नावावर होती, टीचर विधवा, मूलबाळ नाही, कोण विचारतंय? गावच्या सणानंतर बावखलात भराव पडणार असं ठरलं. मोठी माणसं किती गुंठे आणि काय भाव यावर बोलत होती. आमच्यातल्या पास्कूला वेगळीच चिंता लागली. जुडी हातात तशीच धरून त्याने विचारलं, "टीचर, माती टाकल्यावर खालच्या लोकांचं काय?"

टीचरांनी त्याच्या हातातली जुडी घेतली आणि स्वतःच बांधून टाकली. त्या दिवशी गोष्ट झाली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सगळ्यांना वर काढायचं. पण वर येऊन राहणार कुठे? ज्याच्या घरी जागा असेल त्याने सांगा." आम्ही खुळ्यासारखे कामाला लागलो. रोज संध्याकाळी एकेकाला पायऱ्यांवरून वर आणायचं. पास्कूने शिंप्याला नेलं. सुनीताने बिनपापण्यांच्या म्हातारीला नेलं आणि तिला झोप यावी म्हणून आठवडाभर अंगाई म्हटली. घर बुडत असलेल्या माणसांची जशी घाई असते, तशीच आमची घाई होती. खेळ आहे असं कुणाच्याही मनात नव्हतं.

गाळ्याला कुणी घेईना. तो शेवटी राहिला आणि डंपर ठरल्याच्या आदल्या दिवशीच आले. आम्ही शाळेतून थेट धावलो. पास्कू हात पसरून डंपरपुढे उभा राहिला. टीचर घरच्या गाऊनवर तशाच बाहेर आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, ज़रा रुको. एक आदमी नीचे है."

ड्रायव्हर पांढराफटक पडला. त्याने इंजिन बंद केलं, उडी मारली, "अरे कहाँ, कहाँ?" करत काठावर आडवा झाला आणि पाण्यात बघू लागला. मागच्या डंपरवरच्या एकाने तर शर्टही काढला. टीचरांनी त्याला हाताने थांबवलं आणि तिथेच, उभ्या उभ्या, गोष्टीचा शेवट सांगायला घेतला. गाळ्या वर येत नव्हता. उजेडाला घाबरत होता. एवढी नावं गिळली, पण प्रेमाने कुणी त्याला एकदाही हाक मारली नव्हती. "कोणी बोलावलं तरच येईल," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो गोष्टीसाठी कापत नव्हता हे मलाही कळत होतं.

"आमच्याकडे चालेल," मी म्हटलं. माझंच मला आश्चर्य वाटलं.

"मग हाक मार."

मी खालच्या पायरीवर गेले. "गाळ्या," मी म्हटलं, "ये. आमच्याकडे जागा आहे."

पाणी तसंच होतं. टीचरांनी डोळे पुसले. "आला," त्या म्हणाल्या. "भैया, आता टाका माती."

"आ गया?" ड्रायव्हरने विचारलं. त्याला काय समजलं होतं देव जाणे. पण मी निघाले तेव्हा तो वाटेतून बाजूला झाला, आणि मी पुढे गेल्यावरही थोडा वेळ तसाच उभा राहिला, मागून आणखी कुणी येत असावं तसा. घरी आईने मला पाहिलं आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "घरात मानसांची काय कमी होती, त्यात हा चिखलाचा कोन आनलास?" पण त्या दिवशी तिने अंगणात पाय धुवायला दोनदा पाणी काढलं.

टीचर नंतर नालासोपाऱ्याला भाचीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मी भेटायला जायचे. "इथे खाली काही नाही गं," त्या खिडकीतून बघत म्हणायच्या, "नुसतं पार्किंग." पण भाचीच्या नातीला त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात राहणाऱ्या कुणाची तरी ओळख करून दिली होती आणि ती पोर जिन्याने येत-जात होती. आईनंतर माझे वडीलही गेले, तेव्हा रिकाम्या घरात शिरताना मला कळलं की टीचरांनी मला काय दिलं होतं. मला भीती वाटत होती, पण मी एकटी घाबरत नव्हते.

गेल्या महिन्यात टीचर गेल्या. दफनविधी आटोपल्यावर आम्ही जुनी पोरं चर्चच्या आवारात घुटमळत राहिलो. पास्कू आता बोटीवर नोकरी करतो, नेमका सुट्टीवर आला होता. त्याला मी विचारलं, "शिंपी कसा आहे रे?"

"बरा आहे," तो म्हणाला. "बोटीवर न्यावा लागतो. घरी मागे राहत नाय."

सुनीता म्हणाली, "आमची म्हातारी हल्ली मुलीच्या अभ्यासाला सोबत बसते." कुणी हसलं नाही.

पास्कूने माझ्याकडे पाहिलं. "आणि गाळ्या?"

"घरी आहे," मी म्हटलं. "त्याला अजून सांगितलं नाही."