डेंड्रोबियमचा बहार

लग्न होऊन सासरी जाताना लेकीनं माझ्या हातात एक कुंडी ठेवली. "आई, हे डेंड्रोबियम. फुललं की फोन कर."

डेंड्रोबियम हा ऑर्किडच्या कुळातला एक मोठा गट. त्यातल्या काही जाती आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातही झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ही मात्र विकतची. मातीऐवजी कोळसा आणि नारळाच्या शेंड्या, त्यात बोटाएवढ्या जाड कांड्या. मी रोज पाणी घातलं, दुपारी सावलीत हलवलं. पानं काय ती हिरवीगार! फूल मात्र कधी आलं नाही. लेक फोनवर विचारायची आणि मी विषय बदलायचे.

तिला सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला सासरी, नगरलाच राहायला सांगितलं. थंडीत मीही तिच्याजवळ असावं म्हणून नगरच्या माझ्या बहिणीकडे राहायला गेले. राहात्याच्या आमच्या पेरूच्या मळ्यातून निघताना ह्यांना बजावलं, "अहो, कुंडीचं पाणी विसरू नका."

"जा बिनघोर," हे म्हणाले.

मध्ये एकदा कपडे न्यायला घरी आले, बघते तर काय! पान एक नाही, नुसत्या काड्या. माझं डोकंच फिरलं.

"एक काम सांगितलं होतं, एक!"

"तू पोरीचं बघ, मी हितलं बघतो," म्हणत हे निवांत तंबाखू मळत राहिले. मी एसटीत डोळे पुसत नगरला परतले. लेकीला सांगायचा धीर झाला नाही.

नात झाली, गोरीगोमटी, धडधाकट. आनंद पोटात मावत नव्हता. पण बाळाला घेऊन माहेरी येताना गाडीत लेक म्हणाली, "आधी माझं झाड दाखव हं." मेले!

दारात जाऊबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. शेजारी उंबऱ्यालगत तीच कुंडी, आणि काड्यांच्या पेरापेरावर जांभळी-पांढरी फुलं! लेक "आई गं!" म्हणून अशी ओरडली की नात दचकून रडायलाच लागली.

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"आगं, पेरूचा बहार धरताना काय करतो आपन? पानी तोडतो, पानं गळू देतो. ताण बसल्याबिगर झाड फुलत न्हाई. हे तर तुझ्या पान्यानं लई माजलं हुतं. तू गेलीस त्याच दिवशी पानी तोडलं. म्हटलं, पोरगी दारात यील तवा फुलं पायजेत."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर नगरवरनं येऊन पानी घातलं असतंस!"

घातलंच असतं. जन्मभर पेरूला ताण देत आले, पण लेकीच्या झाडाला देववला नसता.

जाऊबाई बाळ-बाळंतिणीला ओवाळायला पुढे झाल्या. मी त्यांच्या हातातला भाकरतुकडा घेतला आणि आधी ह्यांच्यावरून ओवाळून टाकला.